सोडला की सुटला

बर्मगुईच्या धक्क्यावर जो फिशिंग क्लब आहे, त्याच्या बारवर घड्याळाशेजारी एका खिळ्याला लाकडाचं केळं टांगलेलं असायचं. हातभर लांब आणि पिवळंजर्द. होडीवर केळं आणलं की त्या दिवशी मासा लागत नाही, हे तिथं कुणी कुणाला शिकवत नाही. ते सगळ्यांना असतंच माहीत. म्हणून वर्षातली सर्वांत मोठी घोडचूक ज्याच्या हातून होईल त्याचं नाव त्या केळ्याखालच्या पितळी पट्टीवर कोरलं जायचं, आणि त्याहून मोठा गाढव सापडेपर्यंत ते तिथंच राहायचं. बहुतेकांची नावं वर्षाच्या आत उतरत. डार्सी व्हेलनचं नाव दोन वर्षं तिथं होतं.

डार्सी पियानो जुळवायचा. बेगा ते नारूमापर्यंत शाळा, चर्च, म्हाताऱ्या बायकांच्या बैठकीच्या खोल्या, जिथं म्हणून पियानो होता तिथं तो आपली पिशवी घेऊन वर्षातून एकदा तरी जायचा. वय एकसष्ट, बोलणं कमी. आणि सुट्टीच्या दिवशी तो बहिणीच्या होडीवर ट्रेस धरायचा. ट्रेस म्हणजे दोरीच्या टोकाची आठ-दहा मीटरची पोलादी तार, शार्कच्या दातांना पुरून उरणारी. होडीच्या मागच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसलेला माणूस गळाच्या काठीनं मासा होडीजवळ आणतो, पण शेवटचे ते आठ-दहा मीटर कुणीतरी हातानंच ओढायचे असतात. जाड चामड्याचे हातमोजे घालायचे, तार मुठीवर अशी गुंडाळायची की मूठ उघडताच ती आपोआप सुटली पाहिजे, आणि होडीला चिकटून पोहणाऱ्या तीन-चारशे किलोच्या जनावराला तेवढा वेळ धरून ठेवायचं. पियानोच्या तारांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे काम जमावं यात नवल नव्हतं. बावीस वर्षं जमलं.

मग दोन वर्षांपूर्वी ते झालं. त्याचा मेहुणा विक पॅलट्रिज खुर्चीत होता. प्रचंड माको शार्क लागला होता, क्लबचा विक्रम मोडेल असा. अकराव्या मिनिटाला डार्सीच्या हातात तार आली, आणि डार्सीनं ती सोडली. मासा होडीखाली शिरला, दोरी पंख्यात अडकून तुटली. किनाऱ्यावर रेडिओ सांभाळणाऱ्या ग्वेनिथबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सोडला की सुटला?" त्यांच्या वहीत हे दोन रकाने होते. सुटला म्हणजे नशीब. सोडला म्हणजे अंगावर खुणेचा टॅग लावून, मानानं परत पाठवला. विकनं माईक हिसकावून घेतला आणि समुद्रावरच्या तीसही होड्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "सोडला! टॅग नाही, काही नाही, डार्सीनं नुसता सोडला!"

तेव्हापासून विक त्याच्याशी बोलत नव्हता. क्लबात लोक विचारायचे, "काय डार्सी, हातांचा विमा उतरवलायस का?" डार्सी हसायचा. पण लोक हसले याचं त्याला फारसं काही नव्हतं. त्याला दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. त्या दिवशी मूठ उघडली ती शहाणपणानं की भीतीनं, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. रात्रंदिवस विचार करूनही कळलं नव्हतं. ट्रेस धरणं त्यानं सोडून दिलं, कारण ज्या हाताचा भरवसा नाही त्या हातावर दुसऱ्याचा जीव कशाला टाकायचा?

ऑक्टोबरच्या लांब सुट्टीतली स्पर्धा तोंडावर आली, आणि गुरुवारी नॉरीचा फोन आला. नॉरी म्हणजे डार्सीची धाकटी बहीण, विकची बायको, आणि 'पेशन्स' होडीची कप्तान.

"रविवारी काय करतोयस?"

"बेगाच्या शाळेतला पियानो बघायचाय."

"रविवारी शाळा? थाप तरी धड मार. लॅकी शिडीवरून पडला. खांद्याचं हाड मोडलंय. ट्रेसला माणूस नाही."

"दुसरं कुणी बघ ना."

"बघितलं. दुसरा तूच आहेस."

"विकला विचारलंस?"

"विकला सांगितलंय. विचारत कुठं बसू?" मग ती म्हणाली, "डार्सी, मी त्या दिवशी सुकाणूच्या चाकावर होते. मी काही बोलले नाही, कारण एकाच्या घरात राहते आणि दुसऱ्याच्या पाठीवरची आहे. पण ये. पाच वाजता."

त्यानं फोन ठेवला आणि समोरच्या पियानोची एकच पट्टी बराच वेळ दाबत बसला.

रविवारी पहाटे धक्क्यावर टेव्हिटा उभा होता. हा मूळचा टोंगाचा, दाराएवढा रुंद, होडीवर टॅगची लांब काठी त्याच्या हातात असायची. त्यानं डार्सीला मिठी मारली आणि लगेच हात पुढे केला. "पिशवी उघड."

"टेव्हिटा, अरे मी काय नवा आहे का?"

"तुझ्यासारख्यांचीच आधी बघतो. ज्याचं नाव केळ्याखाली आहे तो काहीही आणेल." त्यानं पिशवीत नाक घातलं. "हा केक कसला?"

"शेजारच्या मेव्हिसनं दिलाय. गाजराचा असेल."

टेव्हिटानं एक तुकडा मोडून हुंगला. "हे गाजर लहानपणी पिवळं आणि वाकडं होतं रे बाबा."

विक खुर्चीचे पट्टे तपासत होता. त्यानं मान वर केली नाही. दोन वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य त्यानं समुद्राकडे तोंड करून म्हटलं, "तो केक या होडीवर येणार नाही."

नॉरीनं केक घेतला आणि धक्क्यावरच्या पेलिकनांपुढं भिरकावला. एका गिळण्यात संपला.

"बिचारे," टेव्हिटा म्हणाला. "आज त्यांना काही मासा मिळायचा नाही."

कुणाला हसू आलं, कुणाला नाही. होडी निघाली.

माँटेग्यू बेट मागं टाकून, समुद्राचा तळ जिथं एकदम खोल जातो तिथं त्यांनी इंजिन मंद केलं. शार्कला वास लागावा म्हणून टेव्हिटानं कुटलेल्या माशांची आणि तेलाची बादली कडेला टांगली. पाण्यावर तेलकट, चकचकीत पट्टा मागं लांबत गेला. डार्सीनं पिशवीतून हातमोजे काढून पाहिले. जुनेच होते, तळव्याला काळे पडलेले. त्यानं पायाखालची प्रत्येक दोरी गुंडाळून बाजूला लावली. तार सुटते तेव्हा पाय कशात असतील तर माणूस तारेबरोबर जातो. मग डेक पुसला. मग पुन्हा पुसला.

"पियानो नाहीये तो," विक पुटपुटला. हे दुसरं वाक्य.

अकराच्या सुमारास डावीकडचं रीळ किंचाळलं. विकनं गळाची काठी उचलली आणि खुर्चीत बसला. आता नियमाप्रमाणे त्या काठीला दुसऱ्या कुणाचाही हात लागायचा नव्हता; खुर्ची फिरवायला तेवढी परवानगी होती. डार्सीनं खुर्चीची पाठ धरली. नॉरीनं रेडिओवर कळवलं, "पेशन्स. मासा लागलाय. माको दिसतोय." बाकीच्या होड्यांवरून दोन-तीन जणांनी शिट्ट्या वाजवल्या. मग कुणीतरी माईकवर म्हणालं, "ट्रेसला कोण आहे म्हणे?" आणि हसण्याचा आवाज आला. नॉरीनं आवाज कमी केला.

पहिला झटका दोनशे मीटरचा होता. आणि मग त्या माशानं तेच केलं जे दोन वर्षांपूर्वीच्या माशानं केलं होतं. तो वळला आणि सरळ होडीकडे पोहत आला. विक भराभरा दोरी गुंडाळू लागला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "येतोय! येतोय!" तेरा मिनिटंच झाली होती. पाण्यातून तारेचं टोक वर आलं.

"घे! तार घे, डार्सी!"

डार्सीनं घेतली. एक वेढा, मग दुसरा. पाण्याखाली गडद निळी पाठ दिसली, होडीच्या निम्म्याएवढी लांब. काळा, गोल, मुळीच न दमलेला डोळा. टेव्हिटा टॅगची काठी उचलून पुढे झाला. आणि डार्सीच्या तळव्यातून कोपरापर्यंत तारेचा स्वर चढला. बारीक, उंच, थरथरता. नवी तार पियानोवर चढवली की पहिले काही दिवस ती अशी गाते. ती बसलेली नसते, तिच्यात सगळा जोर तसाच असतो. दमलेला शार्क तारेवर असा गात नाही. दमलेला शार्क नुसता जड लागतो. जो दमायच्या आत होडीपाशी येतो, त्याला इथले लोक हिरवा म्हणतात. झाडावरून घाईनं उतरवलेल्या फळासारखा.

शेपटी एकदा, सावकाश, उजवीकडे गेली.

डार्सीनं मूठ उघडली.

तार सरसर निघून गेली. टेव्हिटाची काठी हवेतच राहिली. विकच्या तोंडून अर्धंच वाक्य निघालं. "पुन्हा! पुन्हा तू..."

पाणी फुटलं. होडीच्या मागं चार-पाच मीटरवर तो अख्खा माको पाण्याबाहेर आला, सरळ उभा, शेपटीसकट, नॉरीच्या चाकापेक्षा उंच. हवेत त्यानं एक गिरकी घेतली. पांढरं पोट आणि वाकडेतिकडे दात उन्हात चमकले. मग तो आडवा कोसळला, आणि उसळलेलं पाणी चौघांच्याही अंगावर येऊन पडलं.

 रीळ तेवढं ओरडत होतं. मासा अजून दोरीवर होता, खाली खाली जात होता.

विक कमरेला पट्ट्यानं खुर्चीशी बांधलेला होता. तो जिथं पाणी फुटलं ती जागा बघत होता, मग त्यानं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग दोन्हींमधलं अंतर पाहिलं. तार मुठीत असती तर ती उडी त्या जागी झाली नसती. ती वळून आत आली असती.

"माझ्या मांडीवर," तो हळूच म्हणाला.

"आधी मांडीवर," टेव्हिटा म्हणाला.  "मग डोक्यावर. मग मला. आणि शेवटी चहाच्या किटलीवर. किटली नवी आहे."

रेडिओवर ग्वेनिथबाईंचा आवाज आला. तार हातात आल्याचं नॉरीनं कळवून टाकलं होतं. "पेशन्स, काय झालं? सोडला की सुटला?"

नॉरीनं माईक उचलला. "मासा दोरीवर आहे, ग्वेनिथ. बाकी नंतर." मग ती चाकावरूनच मागं वळली आणि नवऱ्याला म्हणाली, "विक, बघितलंस?"

"बघितलं."

"नीट?"

"नॉरी, मी भिजलोय. बघितलं."

मग खरी लढाई सुरू झाली. विकनं रिळाचा ब्रेक एक घर सैल केला, हे डार्सीनं पाहिलं. घाईनं ओढायचं नाही, त्याला पळू द्यायचं, पळून पळून जोर संपू द्यायचा. एक तास गेला. मासा खाली जायचा, विक हात-हात दोरी मिळवायचा, मासा ती परत न्यायचा. नॉरी होडी हळूहळू पुढे ठेवत होती, म्हणजे मासा कडेनं पोहेल आणि खाली शिरणार नाही. डार्सी खुर्ची दोरीच्या दिशेनं फिरवत राहिला. मधूनमधून तो विकच्या डोक्यावर गोड्या पाण्याचा मग रिकामा करायचा.

दुसऱ्या तासात विकच्या पोटऱ्यांत गोळे आले. डार्सीनं खाली बसून त्या चोळल्या. बाजूला माणूस गुडघ्यावर बसून आपल्या पोटऱ्या चोळत असताना त्याच्याशी न बोलणं विकसारख्यालाही जड गेलं असावं.

"त्या वेळीही," विक धापा टाकत म्हणाला, "त्या वेळीही हिरवाच होता का रे?"

 खोटं बोलणं सोपं होतं, आणि आज कुणीही मानलं असतं.

"मला माहीत नाही, विक. खरंच. मी फार घाबरलो होतो."

"आणि आज नाही घाबरलास?"

"आज जास्त घाबरलो."

विकनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा दोरीकडे. "अकरा मिनिटं," तो स्वतःशीच म्हणाला. "अकरा मिनिटांत आणला होता मी. ब्रेक करकचून आवळला होता. विक्रम हवा होता मला." आणि थोड्या वेळानं, "डावी चोळ. उजवी मेलीय."

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी तारेचं टोक पुन्हा वर आलं.

या वेळी कुणी "घे" म्हणालं नाही. विक नुसता थांबला. टेव्हिटाही. नॉरीनं होडी मनुष्याच्या चालीनं पुढे ठेवली. चौघांना ठाऊक होतं की आता डार्सी ठरवणार.

त्यानं तार घेतली. एक वेढा. स्वर खालचा होता, जाड, जवळजवळ मुका. दुसरा वेढा. निळी पाठ वर आली, होडीला समांतर, शेपटी संथ. डार्सीनं मागं एक पाऊल टाकलं, हात बदलला, तारेचा रिकामा भाग कडेबाहेर पाण्यात पडू दिला. पुन्हा वेढा. पुन्हा पाऊल. शार्क होडीच्या अंगाला लागला आणि त्याची खरबरीत कातडी लाकडावर घासल्याचा आवाज झाला.

मग तो उलटा फिरला. पांढरं पोट वर आलं, तार त्याच्या डोक्याभोवती एकदा गुंडाळली गेली आणि डार्सीचे दोन्ही खांदे कडेबाहेर ओढले गेले. मांड्या लाकडावर आदळल्या. दोन वर्षांपूर्वी मूठ उघडली होती ती इथंच. त्याच्या बोटांनी उघडायला सुरुवात केली, त्याला न विचारता. पण तार अजूनही खालच्या स्वरातच होती. शार्क नुसता लोळला होता, पळत नव्हता. डार्सीनं बोटांना सांगितलं, अजून नाही. बोटं थांबली. तेव्हा त्याला कळलं की बोटं त्याचं ऐकतात. उघड म्हटलं की उघडतात, धर म्हटलं की धरतात. भीती तर दोन्ही वेळा होतीच. ती काही वेगळं सांगत नव्हती. मग शार्क सुलटा झाला, डोक्याभोवतीची तार सुटली आणि निळी पाठ पुन्हा वर आली.

"टेव्हिटा," तो म्हणाला, "आता. पाठीवरच्या पराखाली."

काठी एकदाच खाली गेली. पिवळा टॅग निळ्या पाठीवर डोलू लागला.

"लागला!" टेव्हिटा ओरडला. त्यानं काठी फेकून लांब दांड्याची कात्री घेतली, पोटावर आडवा झाला आणि गळाच्या अगदी जवळ तार कापली. डार्सीच्या हातातलं वजन एकाएकी गेलं. शार्क क्षणभर तसाच राहिला, होडीच्या सावलीत. मग शेपटी एकदा हलली, दुसऱ्यांदा जोरात हलली, आणि तो खाली निळ्यात उतरत गेला, पिवळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत.

टेव्हिटानं डार्सीला उचललं. अक्षरशः उचललं, पाय डेकवरून सुटले. नॉरी भोंगा दाबून धरून उभी होती आणि रडत होती. विक खुर्चीचा पट्टा सोडायला धडपडत होता. तो सुटेना. शेवटी तसाच बसून म्हणाला, "माईक द्या रे कुणीतरी. मला माईक द्या."

नॉरीनं दिला.

"किनारा, पेशन्स बोलतेय," विक म्हणाला.  "माको. साडेतीन मीटरला बोटभर कमी. टॅग लागला, गळापाशी तार कापली, मासा ठणठणीत गेला. ट्रेसवर डार्सी व्हेलन. पुन्हा सांगतो. ट्रेसवर डार्सी व्हेलन. ज्यांना मघाशी हसू येत होतं त्यांनी लिहून घ्या."

आधी एक भोंगा वाजला, मग दुसरा, मग क्षितिजापर्यंत जिथं जिथं होडी होती तिथून.

संध्याकाळी क्लबात बसायला जागा नव्हती. बक्षिसं सुरू झाली तरी विकचा पत्ता नव्हता. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तो बारमधून काहीतरी घेऊन होडीच्या शेडकडे गेला होता. शेवटी दार उघडलं आणि तो आत आला. हात पुढे धरलेले, हातांत ते केळं. हिरवंगार. होडीच्या तळाला लावतात तो रंग, थेंब अजून जमिनीवर पडत होते.

"बाजूला व्हा. ओलं आहे," तो म्हणाला. त्यानं ते खिळ्याला अडकवलं. पितळी पट्टीवर चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर पेननं लिहिलं होतं: विक पॅलट्रिज, अकरा मिनिटं. "कोरून मंगळवारी आणतो. हे दोन वर्षांपूर्वीच माझं होतं. उशीर झाला."

 मग टेव्हिटा म्हणाला, "ह्या रंगात ते तुला जास्त शोभतंय," आणि सगळं छप्पर हसण्यानं दणाणलं. विकनं डार्सीपुढं हात केला. डार्सीनं तो घेतला, आणि त्याच्याही तळव्याला हिरवा रंग लागला.

ग्वेनिथबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी वही उघडून बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी डार्सीला बोटानं जवळ बोलावलं.

"एक वीसचा लिहिलाय मी. पण तेरा मिनिटांनी तार हातात आल्याचं नॉरीनं सांगितलं होतं, त्यापुढं रकाना रिकामा आहे. मला रिकामा चालत नाही. काय लिहू? सोडला की सुटला?"

दोन वर्षांत पहिल्यांदा डार्सी एवढ्या मोठ्यानं बोलला की बारपाशी उभ्या असलेल्यांनीही वळून पाहिलं.

"सोडला," तो म्हणाला. "मी सोडला. लिहा."